दूध मानवत नसेल तर प्रमाण कसं ठरवावं

“रोज थोडं थोडं दूध प्या, आतड्याला सवय होईल” हा सल्ला अर्धाच खरा आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) दूध प्यायल्याने वाढत नाही. ते बनवणारं एलसीटी जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर असतं आणि त्याचं बटण शेजारच्या एमसीएम६ जनुकात. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेकांचं हे बटण हळूहळू मिटत जातं. तिथल्या डीएनएचं एक अक्षर बदललेलं असेल तर मोठेपणीही ते चालू राहतं. २००२ साली फिनलंडमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात सापडलेला हा बदल भारतात वायव्येकडे जास्त आढळतो, दक्षिणेकडे कमी.

सवय होते ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना. न फुटलेलं लॅक्टोज तिथे पाणी ओढतं, जिवाणू ते आंबवून वायू करतात. गुडगुड, गुबारा आणि ढाळ त्यातूनच. नेमाने थोडं लॅक्टोज मिळत गेलं की कमी वायू करणारे जिवाणू वाढतात. खंड पडला की ही कमाई जाते.

आधी दोन आठवडे दूध, चहातलं दूध, पेढे आणि दूध पावडर असलेली बिस्किटं बंद ठेवा. त्रास तसाच राहिला तर कारण दुसरं आहे. थांबला तर जेवणासोबत ५० मिली दुधाने सुरुवात करा. त्यात सुमारे अडीच ग्रॅम लॅक्टोज असतं. दर तीन-चार दिवसांनी ५० मिली वाढवा. पोट फुगलं तर एक पायरी खाली या आणि आठवडाभर तिथेच थांबा. लॅक्टेज कमी असलेले बरेच जण एका वेळी १२ ग्रॅम, म्हणजे साधारण २५० मिली सोसतात, पण उपाशीपोटी नव्हे: जेवणामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि उरलंसुरलं लॅक्टेज पुरतं.

दही बरं, कारण विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज खातात आणि पोटात गेल्यावर स्वतःच्या विकराने आणखी फोडतात. चक्क्यातून पाण्याबरोबर लॅक्टोजही निथळतं. बासुंदी आणि खव्यात मात्र ते आटून दाट होतं. इथेच अनेकांची फसगत होते. तुपात ते जवळजवळ नसतंच.

जुलाबाच्या आजारानंतर दूध अचानक बाधलं तर घाबरू नका. लॅक्टेज आतड्याच्या केसाळ अस्तराच्या शेंड्याकडच्या, पक्व झालेल्या पेशींवर असतं. आजारात याच पेशी आधी झडतात, म्हणून ते भरून यायला काही आठवडे लागू शकतात. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध मात्र यासाठी तोडू नका. शौचात रक्त, वजन घटणं किंवा अंगावर गांधी दिसल्या तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा.

लॅक्टेजची गोळी पहिल्या घोटासोबतच घ्यावी. थेंब असतील तर ते निवलेल्या दुधात घालून पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. उकळत्या दुधात घातले तर विकर मरतं.