हिऱ्यातील एनव्ही केंद्रांनी चुंबकक्षेत्र मोजताना या चुका टाळा

हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि त्याला लागून एक रिकामी जागा, हे एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) केंद्र. हिरव्या लेसरखाली ते लाल चमकते आणि २.८७ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह मिळाले की चमक किंचित घटते. वारंवारितेनुसार चमकेच्या आलेखावर ही घट म्हणजे खाच. ती दिसली नाही की संशय लगेच हिऱ्यावर जातो. दोष बहुधा दुसरीकडेच असतो.

आधी फिल्टर तपासा. विखुरलेला ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश लाल प्रकाशाला सहज बुडवतो, म्हणून प्रकाश मोजणाऱ्या फोटोडायोडपुढे ६५० नॅनोमीटरचा लाँगपास (त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) हवाच. हिऱ्याच्या जागी साधी काच ठेवा. सिग्नल तेवढाच राहिला तर तुम्ही लेसरच मोजताय. उलट, लेसर झाकूनही खाच दिसत असेल तर मायक्रोवेव्ह फोटोडायोडच्या वायरीत शिरतोय.

मायक्रोवेव्ह देणाऱ्या अँटेनाची तार हिऱ्याला जवळजवळ टेकलेली हवी. मात्र पॉवर वाढवत नेली की खाच रुंदावते आणि हिरा तापतो. स्वीपचा, म्हणजे वारंवारिता पुढे सरकवत नेण्याचा, टप्पाही बघा: १ मेगाहर्ट्झ रुंदीची खाच ५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांत निसटून जाते.

चुंबकक्षेत्रात एका खाचेच्या दोन होतात. हिऱ्यात एनव्ही केंद्रे चार दिशांना रोखलेली असतात, म्हणून चुंबक कसाही ठेवला तर आठ उथळ खाचा दिसतात. चुंबक हळूहळू फिरवून क्षेत्र एका दिशेत आणा. तिची जोडी सर्वांत बाहेर सरकते, उरलेल्या तिन्ही दिशांच्या खाचा आत एकमेकींवर बसतात.

सर्वांत फसवे असते ते तापमान. हिरा १ अंशाने तापला की मधली २.८७ गिगाहर्ट्झची वारंवारिता सुमारे ७४ किलोहर्ट्झने उतरते. एकाच खाचेवर नजर ठेवली तर हाच बदल सुमारे २.६ मायक्रोटेस्लाचा भासतो. म्हणून जोडीतल्या दोन्ही खाचा मोजा: त्यांच्यातल्या अंतरावरून क्षेत्र कळते, त्यांच्या सरासरीवरून तापमान.

चुंबक तापला तर मात्र ही युक्ती उपयोगाची नाही, कारण तेव्हा क्षेत्रच खरोखर बदललेले असते. निओडिमियम चुंबक अंशामागे सुमारे ०.१ टक्का कमकुवत होतो. ५ मिलिटेस्लाच्या क्षेत्रात हे ५ मायक्रोटेस्ला झाले, म्हणजे हिऱ्याच्या चुकीच्या जवळजवळ दुप्पट. चुंबक मायक्रोवेव्ह ॲम्प्लिफायरपासून लांब बसवा, त्याला स्वतंत्र तापमापक चिकटवा आणि अर्धा तास सगळे स्थिरावू द्या.