लहान कॉलेजचं बास्केटबॉल आणि ड्राफ्टचा नियम: तिथे काम शोधणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला निघालेली मुलं-मुली हल्ली मला विचारतात, की कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये काम मिळतं का. मिळतं. मोठ्या नावाच्या विद्यापीठापेक्षा लहान कॉलेजात लवकर मिळतं, कारण तिथे माणसं कमी आणि कामं ढीगभर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. मी मास्टर्स करताना एका छोट्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर) कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट होते. सामन्यांचे व्हिडिओ कापून कोचपुढे ठेवणं हे माझं मुख्य काम. तिथे जाण्याआधी एनबीए ड्राफ्टचे, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्याचे, नियम नीट वाचा, असं मी प्रत्येकाला सांगते. लहान कॉलेजातून ड्राफ्टमध्ये वर्षानुवर्षं कुणी जात नाही, तरीही तुमचे एप्रिल-मे महिने त्याच नियमांवर चालतात.

मूळ नियम थोडक्यात असा. एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्या २००५च्या करारानुसार, २००६च्या ड्राफ्टपासून, खेळाडू त्या वर्षात १९चा व्हायला हवा आणि अमेरिकन असेल तर त्याचा वर्ग हायस्कूलमधून बाहेर पडून एक वर्ष उलटलेलं हवं. त्याआधी केविन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६), लेब्रॉन जेम्स (२००३) थेट शाळेतून गेले होते. परदेशी खेळाडू २२व्या वर्षी आपोआप पात्र ठरतो, त्याआधी त्याला स्वतःहून नाव द्यावं लागतं. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ साली कॉलेज न खेळताच ५२वा निवडला गेला, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना आठवत असेल.

या नियमाने देशातली सगळ्यात गुणी पोरं एका वर्षापुरती केंटकी, ड्यूक अशा मोठ्या विद्यापीठांत येऊ लागली. एक वर्ष खेळायचं आणि निघायचं. लहान कॉलेजांना ती कधीच मिळणार नव्हती. पण उंची उशिरा वाढलेला, शाळेत कुणाच्या नजरेत न भरलेला मुलगा त्यांना मिळायचा आणि चार वर्षं टिकायचा. मग मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत बावीस वर्षांच्या पोरांची, एकमेकांना पाठ झालेली टीम अठरा वर्षांच्या पोरांसमोर उभी राहायची. २०१२ साली लीहाय या छोट्या विद्यापीठाने ड्यूकला ७५-७० हरवलं. लीहायच्या सी. जे. मॅककॉलमने ३० गुण केले. ड्यूकचा पहिल्या वर्षाचा ऑस्टिन रिव्हर्स त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये दहावा गेला. मॅककॉलम कॉलेजात चौथं वर्षही राहिला आणि पुढच्या वर्षी तोही दहावाच गेला. लहान कॉलेजचे कोच पालकांच्या घरी बसून नेमकं हेच सांगायचे: वेळ द्या, आम्ही घडवतो. मला हे आजही फार खरं वाटतं.

२०२१पासून चित्र पालटलं. खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं आणि त्याच जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येऊ लागले. जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी मंडळींना सेंट पीटर्स हे कॉलेज ठाऊक असेल, इंडिया स्क्वेअरपासून ते फार लांब नाही. २०२२मध्ये या चिमुकल्या कॉलेजने त्याच मार्चच्या स्पर्धेत केंटकीला हरवत शेवटच्या आठांत धडक मारली. आपल्या विभागातल्या सोळांत पंधरावं मानांकन असलेली टीम तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. आणि लगेच कोच सीटन हॉलला गेले, बरेचसे खेळाडूही दुसरीकडे पांगले.

आमच्या ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर आमच्या खेळाडूंची नावं चुंबकाच्या पट्ट्यांवर असायची. काही नावांपुढे बारीक अक्षरात कुठल्या तरी मोठ्या कॉलेजच्या खेळाडूचं नाव लिहिलेलं. मी विचारलं तेव्हा असिस्टंट कोच म्हणाले, "हा ड्राफ्टमधून नाव मागे घेतो का, त्यावर आपला गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) कुठे जातो ते ठरणार."

२०२५च्या तारखा लावून बघा म्हणजे गुंता कळेल. ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकायची मुदत २२ एप्रिलला संपली. ड्राफ्टला नाव द्यायची मुदत २६ एप्रिल. आणि कॉलेजात परतायचं असेल तर ड्राफ्टमधून नाव मागे घ्यायची एनसीएएची (कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना) मुदत २८ मे. मधला महिनाभर मोठ्या कॉलेजची जागा आणि त्या जागेचे पैसे अडकलेले. त्यांचा खेळाडू एनबीएच्या चाचण्या देत फिरतोय, आणि त्यांचे कोच पोर्टलमध्ये असलेल्या तुमच्या गार्डला रोज फोन करून थांबवून ठेवताहेत. तुमचा गार्ड गेला की तुम्ही तुमच्याहून लहान कॉलेजचा खेळाडू उचलता. प्रत्येक पायरीवर हेच.

पैशामुळे वरचे खेळाडू आता कॉलेजातच जास्त थांबतात. आपोआप पात्र ठरण्याआधीच ड्राफ्टला नाव देणारे २०२१ साली ३५३ होते, २०२५ साली १०६. म्हणजे वरच्या जागा कमी मोकळ्या होतात, आणि लहान कॉलेजं हायस्कूलच्या मुलांऐवजी दोन-तीन वर्षं खेळून आलेला गडी घेतात. ज्या अठरा वर्षांच्या मुलासाठी ही कॉलेजं होती, त्याच्याच वाट्याला जागा उरत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. नियम बदलणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

तर तयारी कसली करायची? एक्सेलवर हात बसवा. सिनर्जीसारख्या व्हिडिओ प्रणालीची ओळख करून घ्या. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्टची यादी आली, की मोठ्या कॉलेजांचे कोण त्यात आहेत, त्यांची जागा कुठली, आणि तुमच्याकडचं कोण ती भरू शकेल, एवढं एका पानावर मांडायला शिका. मुलाखतीला जाताना असं एक पान सोबत न्या, कोच लगेच खुर्ची पुढे ओढतात. खेळाडूला किंवा त्याच्या घरच्यांना साधा मेसेज करायचा असला तरी आधी कॉम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जाताहेत ना हे बघणारं ऑफिस) विचारा, कारण कोणी कधी संपर्क करायचा याचेही नियम आहेत. टीममधल्या परदेशी खेळाडूंना विद्यार्थी व्हिसामुळे पैशांचे करार जपून करावे लागतात. तुम्हीही त्याच व्हिसावर असाल, म्हणून त्यांचे प्रश्न तुम्हाला चटकन कळतील.

आणि कामासाठी कोचना मेल टाकायचा तो एप्रिल-मेमध्ये टाकू नका, तेव्हा त्यांना जेवायलाही उसंत नसते. नाव मागे घ्यायची मुदत गेली, की जूनच्या पहिल्या आठवड्यात टाका.