अमेरिकेत बार्बेक्यू खायला जाताय? या चुका टाळा

कोल्हापूरचे मामा-मामी गेल्या वर्षी आमच्याकडे ऑस्टिनला आले होते. शनिवारी निवांत आवरून, तासभर गाडी चालवून अडीच वाजता एका गावातल्या नावाजलेल्या बार्बेक्यूच्या दुकानात पोचलो, तर दारावर पाटी: आजचा माल संपला. मामा म्हणाले, "चांगलं मटण दुपारपर्यंत राहतंय व्हय कुठं?" त्यांचं खरं होतं. इथे इतकी वर्षं राहून वेळेचं भान मी ठेवायला हवं होतं. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सगळं आधीच सांगतो.

उशिरा जाऊ नका

टेक्ससचं ब्रिस्किट, म्हणजे गाय-बैलाच्या छातीकडचा मोठा तुकडा, बारा-चौदा तास धुरावर असतो. आज दुपारी विकायचा माल काल संध्याकाळीच आत गेलेला असतो. गिऱ्हाईक वाढलं म्हणून आणखी दोन तुकडे चढवले, असं इथे होत नाही. घाई करून तर मुळीच चालत नाही. मांस सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की तापमान तासन् तास तिथेच अडून बसतं. माठाला पाझर फुटून पाणी गार राहतं ना, तसंच मांसाच्या अंगावरचं पाणी उडत राहतं आणि ते त्याला तापू देत नाही. तो टप्पा ओलांडून पंचाण्णव अंशांजवळ गेल्यावर मग मांस लोण्यासारखं होतं.

म्हणून दुकान उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभे राहा. टेक्ससमधल्या लेक्सिंग्टन गावातलं 'स्नोज' फक्त शनिवारी उघडतं, तेही सकाळी आठला. पुष्कळ दुकानं सोमवार-मंगळवार बंद असतात. निघण्यापूर्वी फोन करा. काही ठिकाणी आधी मागणी नोंदवता येते, मग रांगच लागत नाही.

शेगडी आणि बार्बेक्यू एक समजू नका

आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलातली शेगडी आणि सळईवरचं पनीर-चिकन आठवतं. अमेरिकेच्या दक्षिणेत निखाऱ्यावर भराभर भाजण्याला ग्रिल म्हणतात. बार्बेक्यू म्हणजे साधारण 110 ते 130 अंशांच्या मंद आचेवर, लाकडाच्या धुरात तासन् तास शिजलेलं मांस. यासाठी मुद्दाम चिवट भाग घेतात. बकऱ्याचे पाय रात्रभर मंद आचेवर ठेवले की रस्सा कसा चिकट होतो, तोच प्रकार इथे मांसाच्या आतल्या आत घडतो. मसालाही बेताचा असतो. मध्य टेक्ससमध्ये मीठ, मिरी आणि ओकचं लाकूड, एवढ्यावर काम भागतं. तिखटाची अपेक्षा घेऊन गेलात तर पहिल्या घासाला निराश व्हाल, म्हणून ती घरीच ठेवा.

गाव कोणतं ते बघून मागवा

सगळ्यात मोठी चूक ही, आणि नवखा माणूस हमखास करतो. टेनेसीतल्या मेम्फिसला, म्हणजे पोर्कच्या गावात, जाऊन ब्रिस्किट मागायचं म्हणजे मालवणात बसून पुरणपोळी मागण्यासारखं आहे. मिळेलही, पण त्यासाठी तिथे कशाला जायचं?

ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट आहे. तिथलं 'क्रूझ मार्केट' 1900 सालचं, 'ब्लॅक्स' 1932 सालचं. जर्मन खाटकांनी उरलेलं मांस धुरावर टिकवून विकायला सुरुवात केली, त्यामुळे आजही माल वजनावर मिळतो, खाकी कागदावर येतो आणि सोबत साधा पाव, कांदा, लोणचं असतं.

नॉर्थ कॅरोलायनात मात्र डुकराचंच राज्य. तिथे नुसतं "बार्बेक्यू द्या" म्हटलं की बारीक चिरलेलं पोर्क समोर येतं. राज्याच्या पूर्व भागात अख्खं डुक्कर शिजवून व्हिनेगर-मिरचीचं पाणी घालतात. एडन गावात 1947 पासून असलेल्या 'स्कायलाइट इन'मध्ये कोयत्याने मांस चिरताना कुरकुरीत कातडीही त्यात मिसळतात. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला फक्त खांद्याचं मांस आणि त्या व्हिनेगरात थोडं केचप. नकाशावर नाव टाकताना जपा, हे लेक्सिंग्टन वेगळं आणि 'स्नोज'वालं टेक्ससमधलं वेगळं. शेजारच्या साउथ कॅरोलायनात गेलात की सॉस मोहरीचा, पिवळाधमक.

मेम्फिसला पोर्कच्या फासळ्या घ्या, कोरडा मसाला चोळलेल्या. कॅन्सस सिटीला गोडसर घट्ट सॉस आणि 'बर्न्ट एंड्स', म्हणजे ब्रिस्किटच्या चरबीदार टोकाचे जळके-खरपूस तुकडे.

आपल्या लोकांना मी आवर्जून सांगतो ती दोन ठिकाणं निराळीच आहेत. अलाबामातल्या डिकेटरला 'बिग बॉब गिब्सन' आहे, 1925 पासूनचं. तिथे धुरावरचं चिकन मेयोनीज-व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतात. आणि केंटकीत ओवेन्सबोरोला चक्क मटण! बोकडाचं नव्हे, मेंढीचं. लोकरीसाठी पाळलेल्या मेंढ्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांचं निबर मांस असं धुरावर मऊ करायची तिथली जुनी रीत. शिकागो-नॅशविलच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा तरी वाट वाकडी करावी.

बीफ खात नसाल तर विचारूनच घ्या

ही चूक माझी. दुसऱ्या खेपेला मामांसाठी मी सॉसेज घेतलं, पोर्कचंच असणार असं धरून. कापणाऱ्या माणसाने स्वतःहून सांगितलं की त्यात बीफ आहे, म्हणून वेळीच कळलं. टेक्ससमध्ये सॉसेज बहुधा बीफचं किंवा मिश्र असतं. टर्की, म्हणजे कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचं मांस, घेतलीत तरी कापणारा ते ब्रिस्किटच्याच लाकडी ओंडक्यावर, त्याच सुरीने कापतो. सुरी बदला, नवा कागद अंथरा म्हणून सांगा. मी सांगितलं तेव्हा त्याने तोंड वाकडं न करता लगेच केलं.

शाकाहारी लोकांनी आणखी सांभाळावं. घेवड्यासारख्या दिसणाऱ्या शिजवलेल्या बीन्समध्ये मांसाचे तुकडे असतात, पालेभाजीत डुकराचं हाड, काही ठिकाणी बटाट्याचे फ्राइजही बीफच्या चरबीत तळतात. कोबीची कोशिंबीर, मॅकरोनी-चीज, केळ्याचं पुडिंग यावर भिस्त ठेवा, पण तेही विचारून.

ताटात गडबड वाटली तर

कडेला गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं नव्हे. धुरातल्या वायूमुळे तो रंग तसाच राहतो आणि तो असणं बरं.

ब्रिस्किट कोरडं लागलं तर बहुतेक वेळा चूक मागण्यातच झालेली असते. 'लीन' म्हणजे कमी चरबीचा भाग, 'फॅटी' किंवा 'मॉइस्ट' म्हणजे चरबीचा. अर्धा-अर्धा मागा. काप बोटावर आडवा टाकून बघा. दोन्ही बाजूंनी लवला पण तुटला नाही, आणि हलकं ओढल्यावर सुटला, तर जमलंय. आपोआप भुगा होत असेल तर जास्त शिजलंय. चव कडू, घशात काजळीसारखी लागली तर लाकूड नीट पेटलेलं नव्हतं. त्यावर सॉस ओतून उपयोग नाही.

माणशी अर्धा पाउंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, पुष्कळ होतं. बीफची एकच फासळी पाउंडाच्या वर भरते, तेव्हा चौघांत चार मागवू नका. बिल बघून जेवण कडू होतं.

चांगलं दुकान ओळखायचं कसं

गाडीतून उतरल्यावर आधी मागच्या अंगणात बघा. लाकडाची रास हवी आणि ती वापरातली हवी. वास रस्त्यावर यायला हवा. पाच राज्यांचे सगळे प्रकार, रात्री दहापर्यंत, कधीही उपलब्ध असा फलक असेल तर मी पुढे निघतो. 'टेक्सस मंथली' मासिकाची पन्नास दुकानांची यादी भरवशाची आहे. 2024 मध्ये टेक्ससच्या चार बार्बेक्यू दुकानांना मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला, तेव्हापासून तिथल्या रांगा आणखी लांबल्या. वयस्कर माणसं सोबत असतील तर मी यादीतलं लहान गावातलं दुकान निवडतो, घडीच्या खुर्च्या आणि पाणी घेऊन.

मामांना तसंच नेलं. सव्वादहाला रांगेत, साडेअकराला बाकावर. पोर्कची फासळी त्यांनी उचलली, एक घास तोडला आणि हाड माझ्यासमोर धरलं. "बघ, दात लागले तेवढंच निघालं." फासळीची पारख हीच, नुसतं हलवून सगळं मांस गळालं तर ती जास्त शिजलेली.

उरलेली टर्की घरी आणली. अशी टर्की मायक्रोवेव्हमध्ये टाकली की चामडं होते. फॉइलमध्ये चमचाभर पाणी घालून, गच्च मिटून, ओव्हनमध्ये 120 अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवा. मामींनी अर्धी तशीच गरम केली आणि अर्ध्या टर्कीचा नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा केला. झाकण काढलं तर आधी ओकच्या धुराचा वास आला, मग वेलदोड्याचा.