सावद्याच्या केळी-चेंबरमध्ये रास्पबेरी पायवर कंटेनर

मामांचं सावद्याला केळी पिकवायचं चेंबर आहे. आत सतरा-अठरा अंश राखावे लागतात. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला आणि ते सकाळी कळलं, तर माल मऊ पडतो, त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून मी तिथे ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा एका बोर्डावरचा संगणक, बसवला. सेन्सरचे आकडे घ्यायला मॉस्किटो, साठवायला इन्फ्लक्सडीबी, आलेखाला ग्राफाना आणि फोनवर इशारा पाठवणारा माझा छोटा पायथन प्रोग्रॅम, असे चार डॉकर कंटेनर. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्ससकट एका गाठोड्यात बांधून चालवणारं साधन; त्या गाठोड्याला इमेज म्हणतात आणि चालू झाली की तिला कंटेनर. पहिले तीन लगेच चालू झाले. माझा मात्र उठेना. लॉगमध्ये एकच ओळ: ‘एक्झेक फॉरमॅट एरर’.

ही ओळ दिसली की कोड तपासत बसू नका. कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे. तो त्याच बोर्डाच्या कर्नलवर (सिस्टीमच्या गाभ्यावर), त्याच प्रोसेसरवर चालतो. मी इमेज बनवली होती फैजपूरला घरी, इंटेलच्या लॅपटॉपवर. आतला पायथन इंटेलच्या भाषेतला, बोर्डाला कळते एआरएम या वेगळ्या घराण्यातल्या प्रोसेसरची भाषा. रावेरच्या बाजारात तमिळमध्ये भाव पुकारल्यासारखं झालं.

तेव्हा आधी बोर्ड कोणता आहे ते बघा. आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत. ‘युनेम -एम’ दिलं की इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर ‘एक्स८६_६४’ येतं, ६४ बिट एआरएमवर ‘एआर्च६४’. डॉकर याच दोघांना एएमडी६४ आणि एआरएम६४ म्हणतो. इंटेलच्या लॅपटॉपलाही ‘एएमडी’ का, असं मला बरेच जण विचारतात. ती ६४ बिट रचना पहिल्यांदा एएमडीने आणली, म्हणून.

इथे एक खड्डा आहे. रास्पबेरी पायची ३२ बिट सिस्टीम टाकली तरी कर्नल ६४ बिट असू शकतो. मग ‘युनेम’ बिनधास्त ‘एआर्च६४’ सांगतो, पण डॉकर ३२ बिटचा बसलेला असतो आणि इन्फ्लक्सडीबी २ ची इमेज सापडत नाही. खरं उत्तर ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ देतं. ‘एआरएमएचएफ’, म्हणजे ३२ बिट, आलं तर वेळ न घालवता ६४ बिट सिस्टीम नव्याने टाका.

दुसऱ्याची इमेज ओढण्याआधी ‘डॉकर बिल्डएक्स इमेजटूल्स इन्स्पेक्ट’ आणि पुढे इमेजचं नाव द्या; कोणकोणत्या प्रोसेसरसाठी ती आहे याची यादी येते. उदाहरणार्थ, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ च्या अधिकृत इमेजमध्ये एआरएम६४ नाही. ८ मध्ये आहे, मारियाडीबीतही आहे.

आता स्वतःची इमेज. सगळ्यात सरळ मार्ग, डॉकरफाइल (इमेज कशी बनवायची त्याची कृती) आणि प्रोग्रॅम बोर्डावर नेऊन तिथेच बिल्ड करा, म्हणजे इमेज बनवा. लहान प्रोग्रॅमला मी हेच सांगेन. लॅपटॉपवरच करायचं असेल तर ‘डॉकर बिल्डएक्स बिल्ड’ला ‘--प्लॅटफॉर्म लिनक्स/एआरएम६४’ आणि ‘--लोड’ जोडा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर आधी क्यूईएमयू हा दुभाषी प्रोग्रॅम आणि परक्या प्रोसेसरच्या फाइल्स त्याच्याकडे सोपवणारी बिनएफएमटी ही सोय बसवावी लागते. डॉकर डेस्कटॉपमध्ये हे असतंच. क्यूईएमयू एआरएमची प्रत्येक सूचना इंटेलला उलगडून सांगतो, म्हणून बिल्ड रेंगाळतं. धीर धरा. चेंबरवर नेटचा भरवसा नव्हता, तेव्हा मी ‘डॉकर सेव्ह’ने फाइल काढली, पेनड्राइव्हवर नेली आणि तिथे ‘डॉकर लोड’ केलं.

पायथनसाठी पायाची इमेज ‘स्लिम’ घ्या, ‘अल्पाइन’ नको. अल्पाइनमध्ये ग्लिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल ही दुसरी आहे. एआरएम आणि मसल अशा जोडीसाठी तयार पॅकेज नसलं की पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) ते बोर्डावर कंपाइल करायला घेतो आणि छोटा बोर्ड त्यात अडकून पडतो.

वीज जाते-येते, म्हणून प्रत्येक कंटेनरला ‘--रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड’ द्या, म्हणजे तो आपोआप पुन्हा उठतो. कंटेनरला घातलेली मेमरीची मर्यादा लागू होत नसेल तर बोर्ड सुरू होताना वाचतो त्या ‘सीएमडीलाइन’ फाइलच्या त्याच एका ओळीत ‘सीग्रुप_एनेबल=मेमरी’ लिहून बोर्ड पुन्हा चालू करा. डॉकरचे लॉग आपोआप आटोपत नाहीत. ‘मॅक्स-साइज’ १० एमबी आणि ‘मॅक्स-फाइल’ ३ ठेवा, नाहीतर एसडी कार्ड भरतं. डेटाबेस तर एसडी कार्डवर ठेवूच नका, यूएसबीने एसएसडी जोडा.

राहिला आपला उन्हाळा. चेंबरच्या आत दमट हवा, म्हणून बोर्ड बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत होता. वैशाखात तिथे दुपारी उभं राहवत नाही. हा बोर्ड ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग कमी करतो, मग इशारे उशिरा येतात. बोर्डाचं तापमान सांगणारी ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ ही आज्ञा दुपारी तीन वाजता देऊन बघा, सकाळी नको. मी पंखा लावला, बोर्ड उत्तरेच्या विटांच्या भिंतीवर हलवला आणि त्याचंही तापमान ग्राफानात, चेंबरच्या आलेखाखाली जोडलं. मामा आता दोन्ही रेघा बघतात.