‘फाईल जरा बघून घे’ म्हणणं मी कसं सोडलं

सांगलीत विश्रामबागला माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. मी, टॅली कोळून प्यायलेले आमचे काका, एक ज्युनियर मुलगी आणि बी.कॉम. करून शिकायला आलेला एक मुलगा. महिन्याच्या ११ तारखेला आर-वन (जीएसटीचं विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र), २० तारखेला थ्री-बी (कर भरायचं विवरणपत्र). या दोन तारखांच्या मध्ये जे उरतं त्याला आम्ही आयुष्य म्हणतो. लोकांकडून काम करून घेणं मला येतं, असं बावीस वर्षं मी समजत होते. तो समज मोडला एका एआयने, तोही फुकटातल्या.

२०२३च्या दिवाळीआधीची गोष्ट. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या एका पार्टीला, म्हणजे ग्राहकाला, एएसएमटी-१० आली, जीएसटी कायद्याच्या कलम ६१ची छाननीची नोटीस. २०१९-२० मध्ये थ्री-बीत घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) टू-एपेक्षा (पुरवठादारांच्या आर-वनवरून पोर्टलवर बनणारी खरेदीची यादी) १,८४,००० रुपयांनी जास्त आहे, खुलासा करा. मुदत तीस दिवस. रात्री जेवण उरकून मी फोनवर टाइप केलं, ‘जीएसटीच्या नोटिशीला चांगलं उत्तर लिहून दे.’

उत्तर आलं, अगदी इस्त्री केलेलं. ‘आपल्या माननीय कार्यालयाच्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की’ वगैरे. आकडा एकही नाही, पण मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल मात्र नंबरासकट. दुसऱ्या दिवशी तो शोधायला बसले तर असा निकालच नाही! त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांना असेच एआयने रचलेले निकाल कोर्टात दाखल केले म्हणून ५,००० डॉलर दंड झाला होता. मी निदान शोधलं तरी.

मग मी वीस मिनिटं खर्च करून नीट लिहिलं. पार्टीचं नाव आणि जीएसटी नंबर काढून टाकले (हे कधीही विसरू नका) आणि असं सांगितलं:

‘पार्टी पाइप फिटिंगचा ठोक व्यापार करते. फरक १,८४,०००. त्यातले १,३१,००० एकाच पुरवठादाराच्या बिलांचे; त्याने थ्री-बीत कर भरला, पण आर-वनमध्ये आमची बिलं टाकायची राहिली. ३८,५०० म्हणजे नोंदणी नसलेल्या वाहतूकदाराच्या भाड्यावर त्याच्याऐवजी आम्हीच रिव्हर्स चार्जने भरलेला कर, तो टू-एत दिसतच नाही. उरलेले १४,५०० अजून तपासतोय, त्यावर एक अक्षर लिहू नकोस. उत्तर एएसएमटी-११ या खुलाशाच्या फॉर्मला जोडायचं आहे, दोन पानांच्या आत. वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अशा फायलींचा ढीग असतो, त्याला आधी तक्ता हवा. निकाल स्वतःहून घालू नकोस. काही कमी पडत असेल तर लिहायच्या आधी विचार.’

त्याने विचारलं, पुरवठादाराकडून काही लेखी मिळेल का? बरोबर जागी बोट ठेवलं होतं. जुलै २०२३चं १९३ नंबरचं परिपत्रक त्याच्या गावी नव्हतं, पण ते मी चिकटवलं. अशा प्रकरणात एका पुरवठादाराचा फरक वर्षाला पाच लाखांपर्यंत असेल तर त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं, हा आधीच्या परिपत्रकातला नियम त्याने २०१९-२०लाही, काही मर्यादेत, लागू केला. पुढचा मसुदा वापरण्यासारखा निघाला.

आता खरी गोष्ट. याच नोटिशीचं काम मी चार दिवस आधी आमच्या शिकाऊ मुलाला दिलं होतं. कसं? जाता जाता, गाडीची किल्ली शोधत: ‘ती कुपवाडची फाईल जरा बघून घे.’ पोराने दोन दिवस खपून अख्ख्या वर्षाची खरेदी एक्सेलमध्ये रंगीत करून आणली. उत्तराची एक ओळ नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले. मशीनचं उत्तर फसलं तेव्हा मात्र मी माझंच वाक्य पुन्हा वाचलं होतं, चार वेळा न चिडता सुधारलं होतं. मुलाच्या वेळी माझं वाक्य तपासायचं मला सुचलंसुद्धा नाही. त्याला मिळाले होते सहा शब्द, मशीनला अर्धं पान.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

काम सांगायच्या आधी, संपल्यावर माझ्या टेबलावर काय हवं ते ठरवते. ‘बघून घे’ हे काम नाही. ‘गुरुवारी दुपारी चारपर्यंत तीन ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळीमागे पुरावा कुठला ते’ हे काम आहे. हे वाक्य बनवता येत नसेल तर मलाच अजून कळलेलं नाही, मग आधी मी फाईल उघडायची.

कागद कोण वाचणार आणि का, हेही सांगते. पूर्वी हे सांगायची लाज वाटायची, एवढं काय समजावायचं म्हणून. पण अधिकाऱ्याला आधी आकडा लागतो, हे माझ्या डोक्यात बावीस वर्षं मुरलंय. तेवीस वर्षांच्या मुलाला ते कुठून कळणार? त्याच्याबरोबर हद्दही आखून द्यायची. पार्टीला परस्पर फोन नाही, कारण हे गृहस्थ नोटीस हा शब्द ऐकला की थेट ऑफिसात येऊन बसतात आणि मग दुपार गेली. पोर्टलवर काहीही सबमिट नाही. बाकी तुझं तू.

‘समजलं का?’ हा प्रश्न मी बंद केला. त्याचं उत्तर ‘हो मॅडम’ हेच असतं, समजलेलं असो वा नसो. मशीनला जसं ‘आधी विचार’ म्हणते, तसं मुलांना म्हणते, ‘आता तू मला सांग, पहिल्यांदा काय उघडणार?’ एकदा ज्युनियर मुलगी म्हणाली, टू-बी काढते. २०१९-२०ला टू-बी (टू-एचंच दर महिन्याला गोठवलेलं रूप) नव्हतंच, ते २०२०च्या ऑगस्टपासून आलं. अर्ध्या मिनिटात तिचा एक दिवस वाचला.

नमुना द्यावा, पण सांभाळून. शंभर सूचनांपेक्षा एक जुनं चांगलं उत्तर जास्त शिकवतं, मशीनलाही आणि माणसालाही. फक्त दोघंही नमुन्यातलं नको तेही उचलतात. एआयने जुन्या प्रकरणातला आकडा जसाच्या तसा नव्यात घातला होता. मी हसले, तर आठवड्याने आमच्या मुलाने बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या पत्राखाली हळदीच्या अडत्याचं नाव छापून आणलं. आता नमुना देताना पेनने गोल करते: हे घ्यायचं, हे सोडायचं.

मोठं काम एका घासात देत नाही. आधी आकडे आण, ते मी बघते, मग उत्तर लिही. आकड्यातच घोळ असेल तर सुंदर उत्तराचं काय लोणचं घालायचं?

खात्रीचं तर खास सांगायला हवं. मशीन खरं आणि खोटं एकाच आवाजात बोलतं. माणसाचा आवाज जरा बदलतो, पण आपण घाईत असलो की ते ऐकू येत नाही, आणि ‘माहीत नाही’ म्हटलं तर मॅडम ओरडतील ही भीती असतेच (माझ्याकडे रास्त होती). म्हणून नियम केला, जिथे खात्री नाही तिथे सेल पिवळा करायचा. पिवळ्याबद्दल बोलणी नाहीत. पहिल्या आठवड्यात एकही पिवळा सेल नव्हता. मग मीच माझ्या एका तक्त्यात तीन पिवळे करून त्यांच्याकडे दिले, तेव्हा सुरुवात झाली.

हे सगळं जमतंय म्हटल्यावर मी जरा चेकाळले आणि काकांना व्हॉट्सअॅपवर अर्धं पान सूचना पाठवल्या. काम कशाचं तर दर महिन्याच्या बँक मिळवणीचं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाचलं, फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, ‘मॅडम, मी काय काल आलोय का?’ दोन दिवस चहाच्या वेळी बाहेर जाऊन बसायचे. त्या मशीनचा दर वेळी पहिला दिवस असायचा, त्याला सगळं पुन्हा सांगावं लागायचं. काकांना तारीख सांगितली की पुरे, त्यापलीकडचा प्रत्येक शब्द त्यांना अविश्वास वाटतो. किती सांगायचं हे कामावर नाही, त्या कामात तो माणूस किती मुरलाय त्यावर ठरवा.

आणखी एक फरक. एआयचा मसुदा मी स्वतः दुरुस्त करून मोकळी होते. मुलाचा मसुदा तसा केला तर तो पुढच्या महिन्यात तेच करून आणतो, कारण मी काय बदललं ते त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून समासात कारण लिहून परत देते. सुरुवातीला यात वेळ जातो, आणि २० तारीख जवळ असेल तर हे तत्त्व गुंडाळून ठेवून मीच टाइप करायला बसते, खोटं कशाला सांगू.

आता ते राहिलेले १४,५००. ज्युनियर मुलीने शोधलं: एकच बिल ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये घेतलं होतं. चूक आमची. मला तो आकडा दोन पानांच्या उत्तरात कुठेतरी बसवायचा होता, आणि मशीनला मी तसं सांगितलं असतं तर त्याने गोड भाषेत बसवूनही दिला असता. ती मात्र दारात उभी राहून म्हणाली, ‘मॅडम, हे भांडायचं कशाला? स्वतःहून कर भरायच्या डीआरसी-०३ फॉर्मने व्याजासकट भरून टाकू आणि उत्तरात तसं लिहू. बाकीचे दोन आकडे मग सरळ दिसतील.’ हे मी तिला सांगितलेल्या कामात नव्हतं. १८ टक्क्यांनी व्याज काढलं, पार्टीने थोडी कुरकुर करून भरलं, पुरवठादाराचं प्रमाणपत्र आलं, आणि काही महिन्यांनी एएसएमटी-१२ मिळाली: खुलासा मान्य, कारवाई नाही.

मुलगा आता काम घ्यायला येतो तो वही उघडूनच. परवा मी किल्ली शोधता शोधता म्हटलं, ‘अरे, ती मिरजेची फाईल जरा...’ त्याने पेनाचं टोपण लावलं आणि मी किल्ली सापडून खुर्चीत बसेपर्यंत तसाच उभा राहिला.