आधी भाकरी, मग १/४

तिसरी-चौथीच्या मुलांना १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता विचारलं, की बरीच जण १/४ म्हणतात. का, तर चार तिनापेक्षा मोठे! फळ्यावर हे कितीही समजावलं तरी डोक्यातून जात नाही, ताटात मात्र चटकन जातं. सारख्या मापाच्या दोन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी घ्या. एकीचे तीन सारखे भाग करा, दुसरीचे चार. मग एवढंच विचारा, "भूक लागलीय, कोणता तुकडा घेशील?" वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, हे भावंडांत वाढलेल्या पोराला शिकवावं लागत नाही.

भाकरी हाताने मोडू नका, सुरीने कापा. आणि एकदा मुद्दाम वेडेवाकडे चार तुकडे करून विचारा, "हा पाव झाला का?" ‘सारखे भाग’ ही अट तिथे पक्की होते.

पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मुलांनी बाजारात भरताची वांगी घेताना ऐकलेले असतात. ते आधी वापरा. पाऊण म्हणजे पाव उणा, एकातून पाव काढला की उरतात ३/४. आडवी रेघ आणि वरखाली आकडे त्यानंतरच दाखवा.