डीकॉन्व्होल्यूशनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा

डीकॉन्व्होल्यूशन म्हणजे मायक्रोस्कोपच्या इमेजमधला पसरट धूसरपणा गणिताने कमी करणं. ते करून इमेज बिघडली की लोक सॉफ्टवेअर बदलतात. आज डीकॉन्व्होल्यूशनलॅब-२, उद्या क्लिज-२, परवा पायथन. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांच्या पोटात एकच गणित असतं: रिचर्डसनने १९७२ मध्ये आणि लुसीने १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं. फरक पडतो तो तुम्ही पीएसएफ (तिची ओळख पुढे) कोणती देता यावर, आणि सॉफ्टवेअर इमेजच्या कडा, बॅकग्राउंड आणि मेमरी कशी सांभाळतं यावर. निवडतानाही हेच बघायचं. अल्गोरिदमची यादी किती लांब आहे हे नाही.

पीएसएफचा पत्ता नसताना सॉफ्टवेअर उतरवून घेणं

पीएसएफ, म्हणजे पॉइंट स्प्रेड फंक्शन: एक बारीक बिंदू तुमच्या मायक्रोस्कोपमधून तिन्ही दिशांना कसा पसरलेला दिसतो, त्याचं चित्र. तीच चुकीची असेल तर पुढचं सगळं चूक. स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलचा पीएसएफ जनरेटर मोफत मिळतो, पण त्यात लोक हमखास लेझरची वेव्हलेंग्थ भरून मोकळे होतात. वाइडफील्डमध्ये (म्हणजे सगळं सँपल एकदम उजळणाऱ्या साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये) जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी ४८८ नव्हे, ५१० नॅनोमीटरच्या आसपासची एमिशन, म्हणजे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ, भरायची. आणि ही पीएसएफ वाइडफील्डची आहे. कॉन्फोकल (फोकसबाहेरचा प्रकाश अडवणाऱ्या) मायक्रोस्कोपच्या स्टॅकला, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या इमेजच्या थरांना, ती तशीच लावू नका.

डीकॉन्व्होल्यूशननंतर प्रत्येक ठिपक्याला झेड दिशेत एकाच बाजूला शेपटी उरते? हे स्फेरिकल अॅबरेशनचं, म्हणजे किरण एका बिंदूत न जुळण्याच्या दोषाचं, लक्षण आहे. ऑइल लेन्सच्या तेलाचा अपवर्तनांक १.५१५ च्या आसपास, आणि सँपल मात्र १.३३ च्या पाण्यात, त्यातही काचेपासून खोलवर. पीएसएफ जनरेटरमधलं बॉर्न-वुल्फ मॉडेल हा फरक धरतच नाही, त्याची पीएसएफ वर-खाली सारखीच येते. गिब्सन-लॅनी निवडा आणि सँपलची खोली भरा. त्याहून चांगलं म्हणजे १०० नॅनोमीटरचे फ्लुरोसंट बीड्स (चमकणारे बारीक मणी) घेऊन पीएसएफ स्वतःच मोजा: त्याच माउंटिंग मीडियममध्ये, त्याच लेन्सने. अर्धा दिवस जातो, पण नंतरचे आठवडे वाचतात.

विरळ स्टॅक

१.४ एनएची (एनए म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) ऑइल लेन्स आणि ५२० नॅनोमीटर एमिशन असेल तर पिक्सेल साधारण ९३ नॅनोमीटर आणि झेड-स्टेप साधारण २८० नॅनोमीटर हवी. एक मायक्रोमीटरच्या स्टेपने घेतलेल्या स्टॅकला कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही. मॅक्स प्रोजेक्शन (सगळे थर एकात दाबलेली इमेज) आणि जेपीईजी यांच्यावर तर प्रयोगच करू नका.

डिफॉल्ट सेटिंगवर डोळे झाकून विश्वास

सायकिट-इमेज या पायथन लायब्ररीतलं रिचर्डसन-लुसी फंक्शन हे याचं नामी उदाहरण. १६-बिट इमेज दिली, उत्तर आलं तर सगळं पांढरं! कारण तिथे ‘क्लिप’ हा पर्याय मुळातच चालू असतो आणि १ च्या वरची प्रत्येक किंमत १ वर आणून ठेवतो. मग लोक इमेज ० ते १ मध्ये बसवतात. चित्र दिसायला लागतं आणि सगळे खूश. पण डीकॉन्व्होल्यूशनमध्ये पसरलेला प्रकाश परत ठिपक्यात गोळा होतो, त्यामुळे सगळ्यात तेजस्वी ठिपके १ च्या वर जायलाच हवेत. ते मुकाट्याने कापले जातात आणि मोजमापात फटका बसतो. क्लिप बंद करा, बस. याच फंक्शनमध्ये इटरेशन, म्हणजे हिशेबाच्या फेऱ्या, मुळात ५० आहेत. मंद, नॉइझी इमेजला हे जास्त होतात. गुळगुळीत भागात रवाळ ठिपके उगवले की समजा तुम्ही नॉइझ खोदताय. १० ते २० पासून सुरुवात करा, किंवा टोटल व्हेरिएशनची (नॉइझ दाबून ठेवणाऱ्या अटीची) सोय असलेलं टूल घ्या.

कडा आणि बॅकग्राउंड

स्टॅकच्या वरच्या थरातला उजेड खालच्या थरात भुतासारखा दिसतोय? हिशेब फूरिये ट्रान्सफॉर्मने होतो, आणि त्याच्या दृष्टीने स्टॅकची दोन टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. पॅडिंग, म्हणजे कडेने जादा मोकळी जागा, द्या. क्लिज-२ एफएफटी आणि डीकॉनवुल्फ या टूलमध्ये कडांची वेगळी व्यवस्था आहे, हा त्यांचा खरा फायदा. कॅमेऱ्याचा ऑफसेट (अंधारातही प्रत्येक पिक्सेलमध्ये येणारा आकडा), मायक्रोस्कोपवरच्या अनेक एससीमॉस कॅमेऱ्यांत १०० काउंटच्या आसपास, आधी वजा करा. नाही केला तर रिचर्डसन-लुसी त्यालाही खरा प्रकाश समजतं.

मेमरीचा हिशेब न करणं

२०४८ × २०४८ चे १०० थर १६-बिटमध्ये ८०० एमबी. फ्लोट केले की दुप्पट, आणि अल्गोरिदम अशा कितीतरी प्रती एकदम धरतो. ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड इथे सहज गुदमरतं. रेडलायनफिश हे टूल अशा वेळी स्टॅकचे तुकडे करून काम करतं. फिजी या मोफत इमेज-सॉफ्टवेअरमध्ये अडकलात तर आधी मेमरीची मर्यादा वाढवून बघा.

माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी डीकॉन्व्होल्यूशनलॅब-२: एकाच खिडकीत दहा पद्धती शेजारी ठेवून बघता येतात. नापारी हा पायथनमधला इमेज व्ह्यूअर वापरणाऱ्यांनी रेडलायनफिश घ्यावं. वाइडफील्डमध्ये फिशचे (एफआयएसएच, म्हणजे डीएनए-आरएनए चमकत्या खुणांनी दाखवणारी पद्धत) ठिपके मोजायचे असतील तर डीकॉनवुल्फ. ते २०२४ मध्ये नेचर मेथड्समध्ये आलं, मात्र टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) भीती मोडावी लागेल. काहीही निवडलं तरी आधी तुमच्याच बीड्सच्या स्टॅकवर चालवा. बीड गोल आणि लहान झाला नाही, तर पेशींच्या इमेजकडे वळूच नका.

आणि उत्तर सेव्ह करताना बघा: काही टूल १६-बिटमध्ये लिहिताना प्रत्येक इमेज आपापल्या कमाल किमतीपर्यंत ताणतात. मग कंट्रोल आणि ट्रीटेड सँपलची तीव्रता शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ३२-बिट फ्लोट निवडा, नाहीतर लॉग फाइलमधला स्केलिंगचा आकडा जपून ठेवा.